सरसाच्या साच्यातली गंगव्वा

सरसाचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो सांगून कळायचा नाही, आणि ज्याला माहीत आहे तो म्हणेल, बाई, सकाळी सकाळी कशाला त्याची आठवण काढलीस. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला तो डिंक. बाजारातून आणला की तपकिरी काचेच्या तुकड्यांसारखा दिसायचा, कडक, खणखणीत, नाकाला लावला तरी आपला स्वभाव कळू न देणारा. रात्री पाण्यात भिजत घातला की सकाळी फुगून लिबलिबीत व्हायचा. मग मोठ्या डब्यात पाणी, त्या पाण्यात छोटा डबा आणि छोट्या डब्यात सरस अशा थाटात तो चुलीवर चढला की अनगोळातल्या आमच्या सगळ्या गल्लीला कळायचं, सुताराच्या घरी आज जोडकाम निघालंय. आण्णा, म्हणजे माझे वडील, पडवीतच काम करायचे. रंध्याची सालपं घरभर उडायची, आमटीत तरंगायची, अंथरुणात टोचायची. आईनं सरसासाठी परसात वेगळी चूल घालून दिली होती आणि तरीही वारा फिरला की ती फोडणी अर्धवट टाकून दार लावायला धावायची. "माझ्या लसणाचा वास कुठं गेला म्हणून हुडकाय लागतंय," म्हणायची. मला मात्र तो वास आवडायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण मुलीच्या जातीला आवडावा असा तो वासच नव्हता.

आमच्याकडं दिवाळी म्हणजे किल्ला. बेळगावात ज्यानं लहानपण काढलंय त्याला याहून जास्त सांगायला नको. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की पोरं माती, दगड, पोती, विटा घेऊन कामाला लागायची आणि गल्लीच्या तोंडाशी डोंगर उभा राहायचा. पोरी पाणी आणायच्या, माती कालवायच्या, हळीव पेरून गवत उगवायच्या आणि पोरांच्या शिव्या खायच्या. मी तेरा वर्षांची झाले तोवर यातून वर चढले होते. कारण सैन्यभरतीचं खातं माझ्याकडं होतं. बाजारातले मावळे महाग, आणि प्रत्येक गल्लीच्या किल्ल्यावर तेच. आण्णांनी मला सागवानाच्या दोन तुकड्यांत दोन साचे पालथे कोरून दिले होते, एक मावळा आणि एक घोडा. शाळेतून गोळा केलेले खडूचे तुकडे कुटायचे, भुसा आईच्या पिठाच्या चाळणीतून चोरून चाळायचा आणि दोन्ही कढत सरसात घालून कणकेसारखं मळायचं. साच्याला तेलाचं बोट फिरवायचं, गोळा गरम असतानाच अंगठ्यानं आत दाबायचा. बोटं भाजायची. फुंकर मारत बसलं तर गोळा घट्ट व्हायचा आणि मावळ्याला नाक यायचं नाही. थोड्या वेळानं साचा पाटावर पालथा करून ठोकला की टप्पकन माणूस बाहेर पडायचा. ढाल, तलवार, मुंडासं, सगळ्यासकट. पहिल्यांदा पडला तेव्हा मी त्याला हात लावायला घाबरले होते. मघाशी भुसा होता, आता माझ्याकडं बघतोय. आण्णांची पटाशी कोरताना एकदा घसरली होती, त्यामुळे आमची सगळी फौज डाव्या पायानं लंगडी निघायची. खालच्या गल्लीतली पोरं त्यावरून आम्हाला चिडवायची आणि आम्ही सांगायचो की लढाईत लागलंय.

आण्णांची आणखी एक करामत होती, ती वर्षातून एखाद्या वेळी बघायला मिळायची. एखाद्या घरातल्या जुन्या देव्हाऱ्याचं कोरलेलं फूल फुटलं की ते शेजारचं शाबूत फूल घ्यायचे, त्याला तेल लावायचे, भोवती फळ्यांचं छोटं खोकं करायचे आणि वरून नुसता सरस ओतायचे. निवल्यावर सरसाचा खरवसासारखा थरथरणारा ठोकळा व्हायचा. तो हलक्या हातानं सोलून काढला की आत त्या फुलाची पोकळी. त्यात प्लास्टर ओतलं की नवं फूल. लाकडी साच्यातनं नुसती एका बाजूची मूर्ती निघते, मागून सपाट. सरसाचा साचा मात्र लवतो, म्हणून चारी बाजूंनी गोल असलेली वस्तूही त्यातून सुटून येते. त्याचे नियम आण्णांनी मला एकदा सांगितले होते, रंधा मारता मारता, मान वर न करता. साचा उघडला की त्याच दिवशी वापरायचा, दुसऱ्या दिवशी सरस सुकून आखडतो आणि नाक वाकडं होतं. प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि सरसाला ऊब चालत नाही, म्हणून पाणी आडाचं, गार घ्यायचं. आणि कच्च्या मातीच्या वस्तूवर सरस कधी ओतायचा नाही. मी तिन्ही वेळा व्हय म्हणाले होते.

पुढं मी तीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्या. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवायचे आणि मी त्यात प्लास्टर ओतायची. आताचं ते गुलाबी द्रव्य सरसापेक्षा हजार पट शहाणं, त्याला वास नाही. पण साचा हातात आला की मी आधी खिडकीशी जाऊन आतल्या पोकळीत बघायची. बरोबरच्या पोरी हसायच्या. बाई काय शोधताय आत, म्हणायच्या.

आमच्या भिंतीला भिंत लावून गंगव्वा राहायची. तिचा नवरा बसाप्पा गणपती करायचा. मी त्याला पाहिल्याचं मला आठवत नाही, मी पाळण्यात असतानाच तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. गंगव्वा चार घरच्या भाकऱ्या थापायची, ज्वारीच्या, कागदासारख्या पातळ, आणि सकाळी आमच्या भिंतीपलीकडून जो थप थप आवाज यायचा तो आमच्या घरचं घड्याळ होतं. थप थप थांबली की मी शाळेला निघायची. ती घरात कन्नड बोलायची आणि आमच्याशी मराठी, आणि आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी मी येतो, मी जातो असंच म्हणायची. मला सुमव्वा म्हणायची. मांसमच्छीचं वारं तिला चालायचं नाही, त्यामुळे परसात सरस शिजत असला की ती पदर नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडून जायची. "तुझ्या बापाला सांग, कुठलं ढोर उकळाय लागलाय," एवढं मला ऐकवूनच.

तिच्या घरात चुलीच्या वर भिंतीत एक देवळी होती. त्यात लिंग, विभूतीचा गोळा आणि एक मातीची बाई. चार बोटं उंचीची. पाय दुमडून बसलेली, पुढं परात आणि दोन्ही हात भाकरीवर. मान थोडी वाकडी, कपाळावर बारीक आठी, खालचा ओठ दातात धरलेला. बसाप्पानं लग्नाच्या पहिल्या वर्षी गणपतीच्या उरलेल्या मातीत केलेली गंगव्वा ती. गंगव्वा आता तशी राहिली नव्हती, पण भाकरी उलटताना तिची मान तशीच वाकडी व्हायची. बसाप्पाचा फोटो घरात नव्हता, कधी काढलाच नव्हता. त्यानं केलेले सगळे गणपती दरवर्षी पाण्यात गेले. मागं राहिलं ते एवढंच. पडून फुटू नये म्हणून तिनं ती बाई पाठीला ओली माती लावून देवळीच्या भिंतीला चिकटवून टाकली होती.

त्या वर्षी मला किल्ल्याच्या पायथ्याला गाव वसवायचं होतं. लंगडे मावळे मला पुरे झाले होते. गावात एक तरी माणूस काम करत बसलेलं पाहिजे, असं मनात आलं आणि देवळीतली बाई डोळ्यापुढून हलेना. मी आठ दिवस तिच्या मागं लागले. पाणी भरून दिलं, गिरणीवरनं दळण आणून दिलं. शेवटी एका संध्याकाळी तिनं उलथण्यानं ती बाई भिंतीपासून अलगद सोडवली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"एक दिस. उद्याच्याला परत पायजे."

"व्हय."

"ही सोडून माझ्याकडं काय न्हाय, सुमव्वा."

"व्हय गंगव्वा, काय हुत न्हाय तिला."

आण्णा त्या आठवड्यात संकेश्वरला होते, साखर कारखान्याच्या चाळीतल्या दारं-खिडक्यांच्या कामावर. विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारायचंही नव्हतं. त्यांच्या मागं, त्यांच्याशिवाय, चारी बाजूंनी गोल मूर्ती करून दाखवायची होती. मी बाईच्या पाठीची वाळकी माती कोरड्या कुंचल्यानं झाडली, बाईला खोबरेल चोपडलं, फळीवर बसवलं, भोवती खोकं केलं आणि सरस ओतला. मधासारखा हळूहळू चढत तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला, परातीवर आला, हातांवर, मग तोंडावर, आणि ती बुडाली. मी खोक्यावर पाट झाकला आणि जेवायला गेले. त्या दिवशी भाकरी, पावट्याची उसळ आणि खर्डा होता, मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. इतकी खूष होते.

सकाळी खोकं सोडवलं, ठोकळा उलटा केला, बाजूनं सुरीनं एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी सरस फाकवला. बाई बाहेर आली नाही. ओला चिखल आला. परात निघाली ती माझ्या बोटांना चिकटूनच. तोंड होतं तिथं एक गोळा. हात तर मिळालेच नाहीत. मी तिथंच पडवीत बसून राहिले, हातात तो चिखल धरून, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं, जे कळायला कुणाची गरजच नव्हती. गणपती करणाऱ्याची माती भट्टीत जात नाही. तिला विरघळायचंच असतं. दर वर्षी आम्हीच पोरं बसाप्पाच्या जागी आलेल्या माणसाचे गणपती विहिरीवर नेऊन बुडवत होतो आणि दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ बघत होतो. वरून गेरूचा रंग लावलेला, किल्ल्यावरची कुंभाराची सगळी खेळणी भाजलेली, म्हणून मी हीही भाजलेली समजले. सरसात निम्मं पाणी असतं, आणि बुडाला रंग नव्हता. रात्रभर ती खालून पाणी पीत बसली होती.

आई दारात उभी होती. तिनं माझ्या हातात बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आधी जाऊन सांग तिला," म्हणाली. "मग रड."

मी उठले. उठताना रिकामा साचा उचलला, कशासाठी ते मलाही माहीत नाही, टाकायलाच बहुतेक. पडवीच्या पूर्वेकडं ऊन आलं होतं. साचा उन्हात धरला गेला आणि त्या तांबूस, उजेड पाझरणाऱ्या सरसाच्या पोटात गंगव्वा बसलेली होती.

मला हे नीट सांगता यायला पाहिजे. पोकळी होती ती, हे मला माहीत होतं. नाक आत गेलेलं, गाल आत गेलेले, सगळं उलटं. पण डोळ्याला तसं दिसत नव्हतं. डोळ्याला चेहरा दिसत होता, पुढं आलेला, भरलेला, उजेडाचा केलेला. ओठ दातात धरलेला, कपाळावरची आठी. मी साचा थोडा डावीकडं कलता केला आणि तिनं मान वळवली. माझ्याकडं. उजवीकडं केला, तिकडं वळली. मी जिकडं जाईन तिकडं ती बघत होती. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. माती गेली होती, आणि माती जिथं नव्हती तिथं ती सगळीच्या सगळी होती. पुढं मी हजारो साचे बघितले, असं का दिसतं ते मला एका डॉक्टरांनी कागदावर काढून समजावूनही दिलं. समजलं. तरी अजून तो काटा येतो, आणि येऊ दे, असंच मला वाटतं.

मग मी साचा फिरवला आणि पाठीची बाजू बघितली. अंबाड्याच्या खाली, जिथं इतकी वर्षं भिंतीचा चिखल चिकटलेला होता, तिथं एक अंगठा होता. अख्खा. रेषा न् रेषा, मधला भोवरा, एका कडेला कापल्याची तिरकी खूण. ओल्या बाईला कुणीतरी पाठीला अंगठा देऊन धरलं होतं, चेहरा करत असताना.

गंगव्वा चुलीपुढं होती. मी ताटलीत तो चिखल घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. तिनं ताटलीत बघितलं. थापत असलेली भाकरी तिनं थापून पुरी केली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. माझ्याकडं बघितलं नाही. भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली, टोपलीत ठेवली. मग पीठ घेतलं नाही. त्या घरात मी थप थप थांबलेली ऐकली आणि शाळेला निघायची वेळ झाली असं उगाचच मनात आलं.

"तुझ्या बापाला इचारलं न्हवतंस?"

"न्हाय."

"हूं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ताटलीतल्या चिखलाला नुसतं एक बोट लावत होती, लहान पोराचा ताप बघावा तसं. मी रडत रडत काहीतरी बोलत होते, आणि त्यात साच्यात ती अजून आहे, असंही बोलून गेले. आणि पाठीवर अंगठा आहे.

तिचं बोट थांबलं.

"कुणाचा?"

मी हातानं पडवीकडं दाखवलं. ती परातीच्या कडेवर हात पुसून उठली.

"दाव."

परसात सरसाचा डबा अजून चुलीवर होता, वास भरून राहिला होता. गंगव्वा माझ्या जन्मापासून त्या पडवीची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी चढली. पदर नाकाकडं गेला, अर्ध्यातनं खाली आला. मी साचा उन्हात धरला आणि तिला वाकून बघायला सांगितलं. तिनं बघितलं, आणि एक पाऊल मागं सरली.

"अय्यो. बघाय लागलीया की ही माझ्याकडं."

"तुमीच हाय ती."

"मला कळतंय गं." मग खूप हळू म्हणाली, "इतकी ल्हान हुतो व्हय मी."

मी साचा फिरवला. अंगठा दाखवला. तिनं हात पुढं केला, पण लावला नाही. सरसाला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. तिनं आपला अंगठा त्या खुणेसमोर नुसता हवेत धरला. तिचा त्याच्या निम्म्यानं होता. "पटाशीनं कापलतं त्यांना," म्हणाली. "ह्याच अंगठ्याला. तुझ्या बापाचीच पटाशी."

आता उरलं होतं ते एवढंच, की ती बाहेर यायला पाहिजे होती, आणि आजच. दुपारपर्यंत सरस कडेनं आखडायला लागला असता. आण्णा उद्या येणार होते आणि उद्या उपयोग नव्हता. आई पेठेत जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टरची पुडी घेऊन आली. गंगव्वा आडाचं पाणी शेंदून घेऊन आली. आणि मग त्या दोघी पडवीच्या कडेला बसल्या, आणि मला कळलं की मला सांगणारं आता कुणी नाही. माझा हात चुकला तर बसाप्पाचं या जगात काहीही राहणार नव्हतं.

पहिलं ओतलं. साच्याची चीर सुतळीनं बांधली, तेल फिरवलं, बुडाच्या भोकातून प्लास्टर सोडलं, खालून टिचक्या मारून बुडबुडे काढले. आणि तापेल, सरस वितळेल, चेहरा जाईल या भीतीनं मी लवकर उघडलं. चेहरा आला. काय चेहरा आला! ओठ, आठी, बोटाखालची भाकरीची कडसुद्धा. पण प्लास्टर आत कच्चं होतं. मानेपासून पाठ सुटली, आणि मी धरेपर्यंत अंबाड्याखालचा तेवढाच भाग चुरा होऊन माझ्या मांडीवर पडला. अंगठा गेला होता. मी गंगव्वाकडं बघितलं नाही.

"साचा हाय न्हवं अजून," आई म्हणाली.

"हाय."

"मग बघतीस काय?"

दुसऱ्या वेळी मी घाई करायची नाही असं ठरवलं. आडाच्या पाण्यात फडकं भिजवून दगडावर पसरलं, साच्याची पाठ त्या फडक्याला टेकवली आणि हात मांडीखाली दाबून बसले. प्लास्टर तापायला लागलं. मधूनच बोट लावलं की साच्याच्या बाहेरून कळत होतं, अंगात ताप असल्यासारखं. गंगव्वा ओंजळीनं फडक्यावर पाणी शिंपत होती. सरसाच्या इतक्या जवळ बसून. परसात कोंबडं ओरडत होतं, खालच्या गल्लीत पोरं किल्ल्यासाठी दगड फोडत होती, तेवढे आवाज होते. मी उघडलं तेव्हा चेहऱ्याकडची बाजू बुळबुळीत झाली होती आणि सरस प्लास्टरला चिकटून आला. नाक गेलं. ओठ गेला. आठीच्या जागी नुसतं गुळगुळीत कपाळ. साच्यात आता तोंडच राहिलं नव्हतं, तिसरं ओतायची सोय संपली. मी ती मूर्ती वळवली.

अंगठा होता. गार फडक्याला टेकलेला, जसाच्या तसा, पांढराशुभ्र, कापल्याच्या तिरक्या खुणेसकट.

आता दोन गंगव्वा झाल्या होत्या. एकीला चेहरा होता आणि पाठ नव्हती, दुसरीला पाठ होती आणि चेहरा नव्हता. मी पहिलीची मान सरसानं जोडली, मागं भुशाचा लगदा भरला, आण्णांनीही नावाजलं असतं असं जोडलं, आणि दोन्ही तिच्यापुढं ठेवल्या. मला खात्री होती ती कुठली घेणार. तिचा तरुणपणाचा चेहरा, नवऱ्यानं बघून केलेला. तो मी वाचवला होता. मनातून मी थोडी माझ्यावर खूषही होते, लाज वाटते सांगायला.

गंगव्वानं चेहऱ्याच्या गंगव्वाला उचललं, उन्हात नीट निरखलं.

"हिला सरस लावलायस न्हवं?"

"मानेला तेवढा. दिसत न्हाय."

"दिसत नसला म्हणून काय झालं. देवाजवळ चालत न्हाय ते. ही तुझ्या किल्ल्यावर ठेव." आणि दुसरी पदरात गुंडाळून, ताटलीतला ओला चिखल वरून झाकून, ती पायरी उतरून गेली. मला वाटलं खरंच सरसामुळं. त्या वयात माणूस सांगतात तेच खरं धरतं.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. आईनं सगळं सांगितलं. ते हात धुवून सरळ शेजारी गेले आणि मी मागोमाग गेले, कारण न जाणं जास्त भीतीचं होतं. देवळीत लिंग होतं, विभूती होती आणि माझी ती बिनचेहऱ्याची बाई होती, त्याच जुन्या चिखलानं चिकटवलेली. पण भिंतीकडं तोंड करून. पाठ आमच्याकडं, आणि पाठीवर तो अंगठा, चुलीच्या उजेडात एकेक रेष दिसत होती. आण्णा देवळीपुढं उभे राहिले. आण्णा आणि बसाप्पा एकाच बाकावर शिकलेले.

"पटाशी माझीच हुती," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज तसा मी पुन्हा ऐकला नाही.

"व्हय," गंगव्वा म्हणाली. "माझं त्वांड मला ठावं हाय, दाजी. रोज हांड्यातल्या पाण्यात दिसतंय. ह्ये कवा बघितलं न्हवतं."

पुढं तिच्याकडं येणारे जाणारे विचारायचे, बाहुली उलटी का बसवलीस. ती म्हणायची, भाकऱ्या थापाय लागलीया, तिला मधीमधी बोलवू नका. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती तिथं आपला अंगठा टेकवायची. मी बघितलंय ते, भिंतीच्या फटीतून. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. ती त्या दिवशी मला एक वावगा शब्द बोलली नाही, आणि मी तिची माती बुडवली होती, हे दोन्ही मला अजून पेलत नाही.

साचा मी तोडून डब्यात परत टाकला. आण्णांनी त्याच सरसानं एका पाटाचे सांधे जोडले.

किल्ला झाला. दिवाळीच्या संध्याकाळी सगळ्या गल्ल्यांतून माणसं बघायला आली. वर लंगडी फौज, खाली हळिवाचं गवत आणि गवतात, काड्यापेटीच्या झोपडीपुढं, चेहऱ्याची गंगव्वा भाकऱ्या थापत बसलेली, शेजारी पणती. गंगव्वा उशिरा आली, सणाचं लुगडं नेसून. वर महाराजांकडं बघून तिनं हात जोडले, तट बघितले, फौजेच्या पायांना हसली. मग गुडघ्यावर हात टेकून कष्टानं खाली बसली आणि त्या चार बोटांच्या पोरीपुढं तोंड नेलं. पणतीच्या उजेडात दोघींच्या माना सारख्याच वाकड्या होत्या. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"किती थापशील गं," ती म्हणाली. "ऊठ आता. त्यांचं जेवण झालं."